शहर पोलीस शिपाई भरती (आयुक्तालय): घटक कुठला निवडू, ग्राउंडला कशावर भर देऊ, कागदपत्रांत काय अडतं? सल्ला हवा

खाकी_२४ (धागा सुरू)

नमस्कार दादा-ताईंनो. पोलीस शिपाई पदासाठी शहर आयुक्तालयात फॉर्म भरायचा आहे. बारावी पास, वय २४, ओबीसी. उंची १६७. १६०० मीटर ५ मिनिटं ४० सेकंदांत होतं, १०० मीटर १३.८ सेकंदांत, गोळा ६.८० मीटरच्या आसपास जातो. हलक्या वाहनाचा परवाना आहे.

१) मुंबईसारख्या मोठ्या आयुक्तालयात भरावा की लहान घटकात (घटक म्हणजे भरती करणारं आयुक्तालय किंवा जिल्हा पोलीस दल)?
२) ग्राउंडला (शारीरिक चाचणीला) तिन्हींपैकी आधी काय सुधारू?
३) शिपाई आणि चालक दोन्ही फॉर्म भरता येतात का?
४) कागदपत्रांत मुलं नेमकी कुठे बाद होतात?

मैदान_मार्गदर्शक

आधी एक गैरसमज काढून टाका. "ग्राउंड पास झालं की झालं" असं बरेच जण धरून चालतात. ५० पैकी २५ ही फक्त पात्रता. ग्राउंडचे ५० आणि लेखीचे १०० मिळून १५० वर मेरिट लागतं. शिवाय लेखीला बोलावतात तेही तुमच्या प्रवर्गातल्या जागांच्या दहापट, ग्राउंडच्या गुणांच्या क्रमाने. म्हणजे २६-२७ गुणांवर पात्र ठरलेला मुलगा लेखीच्या यादीत दिसतच नाही. ग्राउंड ४० च्या पुढे न्यायचंय असं धरूनच तयारी करा.

पुरुषांचं गुणदान: १६०० मीटर २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५. पैकीच्या पैकी हवे असतील तर १६०० मीटर ५:१० च्या आत, १०० मीटर ११.५० सेकंदांच्या आत आणि ७.२६० किलोचा गोळा ८.५० मीटर किंवा पुढे.

तुमच्या आकड्यांकडे बघून सांगतो, आधी गोळा. ११.५० हा वेग धावपटूंचा आहे, सहा महिन्यांत १३.८ वरून तिथे कोणी जात नाही. गोळ्यात मात्र नुसती पद्धत सुधारली तरी मीटरभर फरक पडतो. गोळा तळहातावर नको, बोटांच्या मुळाशी हवा. हनुवटीखाली मानेला टेकलेला, कोपर वर उचललेलं. ताकद मागच्या पायातून, मग कमरेच्या वळणातून, हात सगळ्यात शेवटी. बहुतेक मुलं क्रिकेटचा चेंडू फेकल्यासारखा गोळा खांद्यामागून फेकतात. त्यात फाऊल मिळतो आणि खांदाही जातो. दुसरा फाऊल म्हणजे गोळा सुटल्यावर तोल जाऊन पाय रेषेपुढे पडणं. फेकल्या फेकल्या मागचा पाय पुढे आणून गुडघ्यात वाकायची सवय लावा, शरीर तिथेच थांबतं. आणि सराव ७.२६० नेच करा. पाच किलोच्या गोळ्यावर जमलेलं मैदानावर उपयोगी पडत नाही.

ट्रॅक४००

१६०० बद्दल मी लिहितो. ५:१० म्हणजे ३१० सेकंद, चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेसत्याहत्तर सेकंद. गर्दीच्या हिट्समध्ये (एका वेळी पळणाऱ्या गटांत) सगळे सुसाट सुटतात, पहिली फेरी ६८-७० ला जाते आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. गुण जातात ते तिसऱ्या फेरीत. पहिली ७६-७७, दुसरी-तिसरी ७८-७९, शेवटच्या फेरीत उरलेलं सगळं.

आठवड्यातून दोन दिवस ४०० मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या ७५-७६ सेकंदांनी, मध्ये दीड-दोन मिनिटं चालणं. एक दिवस ६-७ किलोमीटर, बोलता येईल इतक्या सावकाश गतीने. रोज जीव तोडून १६०० मारू नका. वेळ तिथेच अडकते आणि नडगी दुखायला लागते. नडगीच्या हाडावर बोट दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, तिथे हाडाला बारीक तडा असू शकतो.

वरचे टप्पे वीस-वीस सेकंदांचे, दोन-दोन गुणांचे आहेत. ५:४० वरून ५:२८ ला आलात तरी दोन गुण वाढले. मैदानावर वेळ अंगावरच्या चिपने मोजतात, त्यामुळे हाताच्या स्टॉपवॉचवर ५:०९ येतंय म्हणून निश्चिंत राहू नका, पाच सेकंद हाताशी ठेवा.

आणि वेदनाशामक इंजेक्शन किंवा कुणीतरी दिलेल्या "ताकदीच्या" गोळ्या घेऊन पळू नका. उन्हात, पाणी कमी पडलेल्या शरीरावर हे जिवावर बेततं.

वर्दी_ताई

मुलींसाठी वेगळं लिहिते, कारण इथल्या उत्तरांत ते कायम राहून जातं. १६०० ऐवजी ८०० मीटर (२० गुण), १०० मीटर (१५) आणि ४ किलोचा गोळा (१५). पूर्ण गुणांसाठी ८०० मीटर २:५० च्या आत, १०० मीटर १४ सेकंदांच्या आत, गोळा ६ मीटर. उंची किमान १५५ सेंमी, छातीचं माप नाही. ६ मीटरचा गोळा हे मुलींसाठी सगळ्यात हाताशी असलेलं लक्ष्य आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं.

लग्न झालेल्या मुलींनी आत्ताच बघावं: दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र हवं. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर वडिलांकडचंच लागतं, सासरचं चालत नाही.

मैदान_मार्गदर्शक

मापाबद्दल राहिलं. पुरुषांना उंची १६५, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंमी वाढ. अनेकांना वाटतं फुगवून ८४ भरली की झालं. तसं नाही. न फुगवता ८२ असेल तर फुगवून ८७ लागते. व्यायामाने छाती भरलेली मुलंच इथे अडकतात, कारण फुगवटा कमी पडतो. खांदे न उचलता, फासळ्या बाजूला उघडत श्वास भरायचा सराव करा. उंची काठावर असेल त्यांनी आदल्या रात्री नीट झोपावं आणि मापाआधी तासन्‌तास उभं राहू नये, दिवसभरात उंची थोडी कमी होते. माप चुकलं असं वाटलं तर त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आत अपील करा. घरी जाऊन तक्रार करण्यात अर्थ नाही.

फाईल_तयार

कागदपत्रं. मेरिटमध्ये येऊनही मुलं इथे बाहेर पडतात, आणि ते बघवत नाही.

ओबीसीतून भरताय तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, दोन्ही हवेत. नॉन-क्रिमीलेअरवर "या तारखेपर्यंत वैध" अशी ओळ असते. फॉर्म भरायच्या आधी ती ओळ आणि जाहिरातीतली शेवटची तारीख शेजारी ठेवून बघा. मार्चअखेर संपणारं प्रमाणपत्र घेऊन नंतरच्या मुदतीचा फॉर्म भरला की पडताळणीला अडचण. नवीन काढायला तहसीलला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट बघू नका. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर समितीकडे अर्ज आजच टाका.

बाकी: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. समांतर आरक्षण (खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, पोलीस पाल्य, होमगार्ड, अनाथ) कागद हातात असेल तरच टिक करा. खेळाडूंनी क्रीडा प्रमाणपत्राची विभागीय उपसंचालकांकडून पडताळणी आधी करून घ्यावी. "नंतर आणून देतो" म्हणून केलेली टिक तुम्हाला समांतर आणि सर्वसाधारण, दोन्हीकडून बाहेर काढू शकते.

वयोमर्यादा १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३. तुम्ही आरामात बसता.

घटक_निवड

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शिपाई पदाला एकाच घटकात एकच अर्ज. दोन आयुक्तालयांत शिपाईचे दोन फॉर्म टाकले तर उमेदवारी रद्द होते. चालक हे वेगळं पद, त्यामुळे तो फॉर्म वेगळा भरता येतो, फी वेगळी. चालकाला १०० मीटर नाही: १६०० ला ३० गुण आणि गोळ्याला २०. शिवाय वाहन चालवण्याची ५० गुणांची कौशल्य चाचणी, त्यात ४० टक्के हवेत. १६०० बरं आणि १०० मीटर कच्चं असलेल्या तुमच्यासारख्याने चालकाचा फॉर्म भरावाच.

घटक निवडताना एकूण जागा बघू नका. जाहिरातीच्या तक्त्यात तुमच्या प्रवर्गाची ओळ शोधा आणि त्यात सर्वसाधारणच्या रकान्यात (समांतर आरक्षण वजा जाता) किती उरल्या ते बघा. तिथे ३ जागा असतील तर लेखीला ३० जण, बस. मुंबईत जागा जास्त आणि अर्जही तितकेच, पण जागा जास्त असलेल्या घटकात एक-दोन गुणांचा फटका कमी बसतो. माझं मत मोठ्या आयुक्तालयाच्या बाजूने. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करून भरा: शिपायाची नोकरी त्या घटकातच असते. आंतरजिल्हा बदली मिळायला वर्षं जातात आणि ज्येष्ठता खाली जाते. घरापासून लांब राहायचंच नसेल तर आत्ताच जवळचा घटक धरा.

खाकी_२४

मनापासून आभार. मोठंच आयुक्तालय धरतो, चालकही भरतो. लेखीचं आणि नंतरच्या पडताळणीचं कोणी सांगेल का? शेजाऱ्यांच्या भांडणात माझं नाव एका तक्रारीत आहे, अदखलपात्र. ते लिहायचं का? आणि एक जण "मुलाखतीत बघून घेतो" म्हणतोय.

फाईल_तयार

लिहायचं. साक्षांकन नमुन्यात (चारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या फॉर्ममध्ये) विचारलेलं सगळं खरं भरा, तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव घालून. किरकोळ प्रकरण सांगितलं तर त्याचा विचार होतो. लपवलं आणि चारित्र्य पडताळणीत निघालं तर लपवणं हेच नेमणूक रद्द व्हायला पुरेसं कारण होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात हे सविस्तर सांगितलंय. निर्दोष सुटलेला खटला असेल तरी नमूद करा आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा.

शिपाई भरतीत मुलाखत नसतेच. जी पायरीच नाही तिथे तो माणूस काय बघणार? पैसे देऊ नका.

ट्रॅक४००

लेखी: १०० प्रश्न, ९० मिनिटं, मराठीत, ओएमआर (गोल काळे करायची उत्तरपत्रिका). अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी. ४० टक्क्यांखाली अपात्र. निगेटिव्ह मार्किंग नसल्याची सूचना असेल तर एकही गोल रिकामा ठेवू नका. आधी व्याकरण आणि सामान्य ज्ञान, तिथे प्रश्नाला वीस-पंचवीस सेकंद पुरतात, वाचलेला वेळ गणिताला. गोल दर दहा प्रश्नांनी भरा. सगळे शेवटी भरायला ठेवले की एक ओळ सरकते आणि पुढचं सगळं चुकतं. घटकाचे मागचे पेपर सोडवा, कारण पेपर घटक स्वतः काढतो आणि त्या शहराच्या, जिल्ह्याच्या माहितीवर प्रश्न येतात. उत्तरतालिका लागली की त्याच दिवशी तपासा, आक्षेपाची मुदत थोडी असते.

वर्दी_ताई

निवड यादीनंतर वैद्यकीय तपासणी असते. रंगांधळेपणा आणि नजर आत्ताच जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे तपासून घ्या, वर्षभर घाम गाळून तिथे कळण्यापेक्षा. गुडघे एकमेकांना लागतात का तेही बघा: सरळ उभं राहून गुडघे जुळवले की घोटेही जुळायला हवेत. आणि फॉर्मला दिलेला मोबाईल नंबर व ईमेल नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत बदलू नका, हॉलतिकीट आणि तारखांचे मेसेज त्यावरच येतात.