सॅन फ्रान्सिस्कोत एकच दिवस हाय, त्यात इनडोअर मिनी गोल्फला जावं का?

शहापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन ताईकडं अमेरिकेला जाऊलालोय. ताई-भावोजी सनीव्हेलला असतात, त्यामुळं मुक्काम तिकडंच, खरं सॅन फ्रान्सिस्को शहर बघायला मोकळा असा एकच दिवस मिळणार कारण भावोजींना सुट्टी नाही. आता ताईनं काय केलंय तर त्या एका दिवसात दुपारी अर्बन पट म्हणून मिशन भागात एक बंदिस्त मिनी गोल्फ हाय तिथं जायचं ठरवलंय, भाच्याला लई आवडतंय म्हणे. बाबा ऐकून म्हणाले एवढे पैसे खर्चून समुद्रापार जायचं आणि तिथं गोट्या खेळायच्या काय. बाबा रिटायर्ड टर्नर, गुडघा दुखतो, आईला कुठंही बसायला जागा मिळाली की झालं. आमच्यात गोल्फ कुणालाच येत नाही, काठी कशी धरतात ते पण माहीत नाही.
कुणी गेलंय काय ओ? खरंच बघण्यासारखं हाय की पोरांचं खेळणं? आणि भाच्यानं फोनवर सांगितलं की त्या बिल्डिंगमध्ये पूर्वी मढी ठेवायचे, हे खरं काय? कारण हे आईला कळलं तर ती दारातनंच परत फिरणार.

तिसरं_गेट_टिळकवाडी
गोल्फ म्हटलं की आम्हाला बिबट्याच आठवतो ओ. 2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या इथल्या, बेळगावच्या गोल्फ मैदानात शिरला होता तेव्हा आसपासच्या शाळा बंद, सक्रेबैलच्या हत्ती छावणीतनं हत्ती आणले शोधायला, आणि आम्ही गच्चीवर दुर्बीण घेऊन. तेवढाच आमचा गोल्फशी संबंध.
सिरियसली सांगायचं तर माझं मत वेगळं हाय. एकच दिवस असेल तर गोल्डन गेट ब्रिजवर चालत जा, 1937 साली बांधलेला पूल, जवळपास पावणेतीन किलोमीटर लांब, फोटो काढा, केबल कार म्हणजे तिथली रस्त्यावरची जुनी ट्राम बघा, संपलं. चार भिंतींच्या आत खेळायचं ते कुठंही खेळता येतं की. आई-बाबा परत कधी जाणार?

खानापूरची_लेक
मी फ्रीमाँटला असते, सासू-सासरे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले होते म्हणून सांगते. @तिसरं_गेट ब्रिज बघाच, खरं जूनमध्ये ब्रिजवर धुकं असं असतंय की कधीकधी ब्रिजचे खांबसुद्धा दिसत नाहीत, वारा इतका की सासूबाई पाच मिनिटांत गाडीत येऊन बसल्या. मिशन भाग समुद्रापासून आत असल्यामुळं तिथं त्यामानानं ऊन असतंय. त्यामुळं सकाळी ब्रिज आणि दुपारी आत कुठंतरी हा बेत चुकीचा नाही.
आता ती जागा. 2014 साली सुरू झाली. एका कम्प्युटर मासिकाचा संपादक होता, त्याला घरी मित्रांना बोलावून मिनी गोल्फच्या पार्ट्या करायचा नाद होता, त्यातनं हे उभं राहिलं. 14 होल, म्हणजे बॉल भोकात घालायचे 14 टप्पे आहेत, सगळे वेगवेगळे आणि हातानं बनवलेले, इथल्याच कलाकार-इंजिनिअर लोकांनी. भूकंपाचा एक होल हाय, 1906 चा भूकंप सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांच्या अजून डोक्यात आहे बघा, तर तिथं बिल्डिंगी हलतात आणि आपण त्यातनं बॉल काढायचा. एक पाणबुडीचा. एक मेक्सिकन लोकांच्या पितरांच्या सणाचा, सांगाडे, फुलं, रंगीबेरंगी, कारण मिशन हा कित्येक वर्षं लॅटिनो लोकांचा भाग. म्हणजे शहराचीच गोष्ट सांगितल्यासारखं हाय, नुसतं हिरवं कार्पेट आणि भोक असं नाही.
आणि हो, बिल्डिंगीत पूर्वी अंत्यविधीची तयारी करून देणाऱ्यांचा धंदा होता हे खरं आहे. आईंना सांगू नका. आम्ही सासूबाईंना घरी आल्यावर सांगितलं तर त्यांनी आधी आंघोळ केली आणि मग विचारलं परत कधी जायचं.

उद्यमबाग_फिटर
शहापूरकर, बाबा टर्नर आहेत म्हणालात ना, मग त्यांना घेऊन जाच, गोट्या म्हणतात ते यंत्र बघितलं नाही म्हणून. मी स्वतः गेलो नाही, खरं त्याचे व्हिडिओ बघून बघून पाठ झालेत. एक होल असा हाय की बॉल आत गेला की तो एकातनं दुसऱ्यात, कुठं उचलला जातो, कुठं घसरतो, कशावर तरी आपटतो, त्यानं दुसरं काहीतरी हलतं, असं करत करत शेवटी होलजवळ येऊन पडतोय. खेळणारा नुसता बघत उभा राहतोय.
आता यात मजा कशात हाय ते सांगतो. असल्या कामात बॉल खाली सोडणं सोपं, गुरुत्वाकर्षण फुकट हाय. अवघड काय तर परत वर न्यायचं, मग साखळीचा लिफ्ट लावा, नाहीतर स्क्रू फिरवा, आणि त्यात दोन बॉल पाठोपाठ आले की जाम. आणि पब्लिक हाय म्हटल्यावर कोण दोन बॉल टाकतंय, कोण रागानं हाणतंय. शोरूममध्ये एकदा चालणारं मशीन कुणीही करेल, रोज शेकडो लोकांनी वापरून बंद न पडणारं करायचं म्हणजे टॉलरन्स, बेअरिंग, मेंटेनन्सला हात घालायला जागा, सगळं आलं. बाबांना म्हणावं स्कोअर सोडा आणि प्रत्येक होलला बघा बॉल कुठनं वर येतोय, सेन्सर कुठं लपवलाय. बहुतेक करून इन्फ्रारेडचा असतोय, बॉल आडवा गेला की किरण तुटतो, मोटर चालू. आपल्या गणपतीच्या हलत्या देखाव्यात अजून माणूस पडद्यामागं बसून बटन दाबतोय मर्दा!
आणखी एक, त्याच शहरात बंदराकडं फिशरमन्स वॉर्फला म्युझे मेकॅनिक म्हणून आहे, जुनी नाणं टाकून चालणारी यंत्रं, तीनशेच्या आसपास, एंट्री फुकट, फक्त चालवायला नाणी लागतात. बाबांना तिथनं ओढून काढावं लागेल तुम्हाला.

निपाणीचा_गडी
मी कुठं गेलो नाही ओ, खरं या विषयात एक भारी गोष्ट हाय ती कुणी सांगेना म्हणून लिहितो. या मिनी गोल्फचं हिरवं मैदान पहिल्यांदा कशाचं केलं माहिताय? सरकीचं! 1922 च्या आसपास फेअरबर्न नावाचा एक इंग्रज, गोल्फचा वेडा, मेक्सिकोत त्याची कापसाची शेती, तिथं गवत नीट वाढेना, मग त्यानं सरकीची टरफलं दळून, वाळू-तेल मिसळून, हिरवा रंग लावून दाबून बसवली. गवतासारखं गुळगुळीत, पाणी नको, कापणी नको. त्यानंतर न्यूयॉर्कात बिल्डिंगीच्या गच्च्यांवर मैदानं झाली, टेनेसी-जॉर्जियाच्या सीमेवर गार्नेट कार्टर नावाच्या हॉटेलवाल्यानं त्याचा धंदा केला, आणि 1930 ला मंदीत लोकांकडं पैसे नसताना हा स्वस्तातला खेळ म्हणून सगळ्या अमेरिकेत पेव फुटलं, आणि लगेच बसलं पण. इथं आमची म्हैस सरकी खाऊन दूध देती आणि तिथं त्यावर गोल्फ खेळले.
त्याच्याही आधी म्हणाल तर स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजला 1867 ला बायकांचा पटिंग (बॉल हळू ढकलून भोकात घालायचा) क्लब निघाला. बायकांनी काठी खांद्याच्या वर उचलणं बरं दिसत नाही म्हणून त्यांना बारकं मैदान दिलं म्हणे. म्हणजे खेळ जन्माला आला तो असल्या कारणानं, आणि आता तो कुणीही खेळतंय. शहापूरकर, त्यामुळं गोल्फ येत नाही याची काळजी सोडा, हा खेळ गोल्फ न येणाऱ्यांसाठीच हाय.

बेळगाव_ते_बेंगळूर
मी जरा थंड पाणी ओततो. बेंगळूरला एका मॉलमध्ये असलं अंधारातलं चमकणारं मिनी गोल्फ खेळलो, निळा यूव्ही लाईट आणि फ्लोरोसंट रंग, आत गेल्यावर आपले दात आणि शर्ट तेवढे चमकतात. कार्पेट उखडलेलं, अर्धे होल सारखेच, पोरं पाच मिनिटांत कंटाळली आणि बिल बघून मी. नुसता लाईट बदलला म्हणून खेळ बदलत नाही.
याच्या उलट ऑफिसच्या कामानं लंडनला गेलो तेव्हा पटशॅकला टीमनं नेलं. टॉपगोल्फ म्हणून गोल्फची साखळी ज्यांनी काढली त्याच भावांचं ते. तिथं बॉलच्या आत इलेक्ट्रॉनिक्स, तुमचा बॉल कुठं हाय ते मशीनला कळतंय, स्कोअर आपोआप स्क्रीनवर येतोय, कागद-पेन्सिल नको, चीटिंग तर अजिबात नको. आमच्या मॅनेजरची लई गोची झाली त्यामुळं. खरं मला विचाराल तर तिथं लक्ष सगळं स्क्रीनकडं आणि पॉइंटकडं जातं, होल बघायचे राहतात. खानापूरच्या ताई सांगतात तसलं हातानं बनवलेलं असेल तर मी तिथं जाईन, पॉइंट मोजायला नाही.
म्हणजे माझा मुद्दा एवढाच की मिनी गोल्फला जावं का असं विचारू नका, कुठल्या, ते बघा.

तिसरं_गेट_टिळकवाडी
बरं बरं, सगळे माझ्यावरच उलटले. खरं गुडघ्याचं काय? कुणी बोलेना त्यावर.

खानापूरची_लेक
गुडघ्याचं सांगते. चालणं फार नाही, एका होलवरनं दुसऱ्यावर दोन पावलं. त्रास कशाचा तर बॉल उचलायला दर वेळी वाकायचा, ते काम भाच्याला लावा, त्याला तेच हवं असतंय. उभं राहणं मात्र आहे, पुढचा ग्रुप हळू असला की थांबावं लागतं, शनिवार-रविवारी जास्त. म्हणून जमलं तर मधल्या वारी जा. आईंना बसायचं तर खेळ खाली आणि वर रेस्टॉरंट हाय, तिथं बसतील. बार पण हाय त्यामुळं रात्री उशिरा लहान पोरांना आत घेत नाहीत, बुकिंग करताना वेळ बघून घ्या म्हणावं ताईला.
खेळायचं कसं ते थोडक्यात. एकच काठी, पटर. मनगट हलवायचं नाही, दोन्ही खांद्यांतनं घड्याळाच्या लंबकासारखी मागं-पुढं न्यायची, हळू. नवीन माणूस नेहमी जोरात मारतो आणि बॉल बाहेर. भिंतीवर आपटून न्यायचा असेल तर कॅरमच्या रिबाउंडचा अँगल आठवा, माझे सासरे तेवढ्यावर सगळ्यांना हरवून आले, कॅरमचे जुने खेळाडू. साधारण सहा फटक्यांत नाही गेला की सहाच लिहायचे आणि पुढं जायचं, मागच्यांना थांबवून ठेवायचं नाही. पहिले दोन-तीन होल आईंनाही खेळायला लावा हं, बसायला नंतर जाऊ दे.

उद्यमबाग_फिटर
लंबक म्हणालात ते बरोबर. काठीचा स्पीड नाही वाढवायचा, मागं किती नेली त्यावर अंतर. टर्नरला हे सांगायला नको.

शहापूरचा_पोरगा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बाबांना उद्यमबाग भाऊंचा रिप्लाय वाचून दाखवला, पहिल्यांदा काही बोलले नाहीत, मग म्हणाले तो लिफ्ट साखळीचा हाय की स्क्रूचा ते विचार. म्हणजे ठरलं. आईला बिल्डिंगीचं सांगितलं नाही, खरं निपाणीच्या भाऊंची सरकीची गोष्ट सांगितली, ती म्हणाली मग एवढं पेंडीचं महाग का झालंय.
आता बेत असा: सकाळी लवकर ब्रिज, मग वॉर्फला ती जुनी यंत्रं, जेवून मिशन. भावोजी नाहीत त्यामुळं गाडी नाही. सनीव्हेलवरनं ट्रेननं जमेल काय? आणि जूनमध्ये स्वेटर लागतोय म्हणता, आम्ही बेळगावची माणसं, आम्हाला थंडी काय नवीन?

खानापूरची_लेक
बेळगावचा पाऊस वेगळा आणि हा वारा वेगळा, स्वेटर न्या. आईंना कानाला बांधायला काहीतरी.
एका दिवसात तिन्ही म्हणजे धावपळ होईल, बाबांच्या गुडघ्यानं तर नकोच. ब्रिज आणि वॉर्फ यातलं एक ठेवा, बाबांचं बघता वॉर्फ ठेवा, ब्रिज तिथनं लांबनं दिसतोय, धुकं नसेल तर. ट्रेनचं म्हणाल तर सनीव्हेलवरनं कॅलट्रेननं मिलब्रेला उतरा, तिथं बार्ट म्हणजे तिकडची मेट्रो धरा, मिशन 24 नंबर स्ट्रीटचं स्टेशन येतं, तिथनं चालत जवळ आहे. कॅलट्रेन आता इलेक्ट्रिक झालीय, डबे नवे आहेत, बाबांना आवडेल. त्याच भागात गल्ल्यांच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं काढलेली आहेत, बामी ॲली म्हणून एक बोळ आहे, दहा मिनिटं काढा. खायला बुरिटो, म्हणजे मोठ्या चपातीत गुंडाळलेलं सारण, बीन्स-राईसचा व्हेज सांगा आणि बीन्समध्ये चरबी नाही ना ते आधी विचारा, कधीकधी असते. एक घेतला तर दोघांना पुरतो.

तिसरं_गेट_टिळकवाडी
आणि व्हिडिओ काढून आणा ओ. आमच्या गल्लीच्या मंडळाची मीटिंग जुलैत हाय, देखाव्याचं अजून काहीच ठरलं नाही. उद्यमबाग, तुम्ही येणार काय?

उद्यमबाग_फिटर
येतो की. खरं बजेट आधी सांगा, आणि लिफ्ट साखळीचा करायचा, स्क्रू आपल्याला परवडणार नाही. भंगारातनं सायकलच्या चेन आत्तापासनं बाजूला काढायला लागा.