अपूर्णांक, गुणोत्तर संक्षिप्त करताना थांबायचं कुठे? मदत हवी आहे

रंकाळाकाठची
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, सरळसेवेच्या परीक्षेची तयारी करतेय. बी.ए. मराठीतून केलं, त्यामुळे दहावीनंतर गणिताशी काडीमोडच होता. टक्केवारी, नफा-तोटा कसंबसं जमतंय, पण गुणोत्तर-प्रमाण आलं की गाडी अडते.

आकडे साधे असले तर काही नाही. ८४/१२६ दिलं की ४२/६३, मग १४/२१, मग २/३. पण परवाच्या सराव पेपरात ९१/११९ आलं. दोन्ही विषम. अंकांची बेरीज केली तर तीननं भाग जात नाही, शेवटी पाच किंवा शून्य नाही. म्हटलं, हेच अतिसंक्षिप्त रूप. तर पर्यायांत ते नव्हतंच, उत्तर १३/१७. सातनं भाग जातो हे बघितल्याबरोबर कसं ओळखायचं? दरवेळी ७, ११, १३, १७ लावत बसले तर बाकीचे प्रश्न कधी सोडवायचे? आणि मुख्य म्हणजे, आता आणखी भाग जाणारच नाही हे खात्रीनं कसं कळतं?

दुसरी अडचण: १½ : २¼ किंवा ०.७५ : १.२ असलं काही आलं की कुठून सुरुवात करायची तेच सुचत नाही. क्लासमधले सर म्हणतात सरावानं येईल. येईलही, पण कशाचा सराव करू ते तरी कळू दे.

खडू_आणि_फळा
ताई, ७ ची कसोटी पाठ करायच्या भानगडीत पडू नका. दोन आकड्यांची वजाबाकी करा.

११९ − ९१ = २८. आता एखादी संख्या ९१ ला आणि ११९ ला, दोन्हींना नि:शेष भागत असेल, तर ती त्यांच्या फरकालाही भागणारच. ९१ म्हणजे तेरा साते, ११९ म्हणजे सतरा साते, मग फरक चार साते. म्हणजे जो काही साधारण विभाजक असेल तो २८ मध्येच लपलेला असतो, त्याच्या बाहेर शोधायचं कारणच नाही. २८ चे मूळ अवयव दोनच, २ आणि ७. आकडे विषम, म्हणून २ बाद. उरला ७. तो फक्त लहान आकड्याला लावून बघा. लहानाला गेला की मोठ्याला जातोच. गेला नसता, तर तिथंच काम संपलं असतं. तुमच्या "खात्रीनं कसं कळतं"चं उत्तर हेच.

२२१/२४७ बघा. नुसतं बघून काही कळत नाही. फरक २६, म्हणजे २ नाहीतर १३. तेरा सत्ते एक्क्याण्णव पाठ असलेल्यालासुद्धा २२१ म्हणजे तेरा सतरा हे पटकन आठवत नाही, पण आता फक्त १३ च लावायचाय ना. उत्तर १७/१९.

फरक १ आला, जसं ४७/४८, तर हात लावायचा नाही, ते अतिसंक्षिप्तच. लागोपाठच्या दोन विषम संख्या असतील तर फरक २, तिथंही काही निघत नाही.

फरक मोठा आला तर त्याच्याशी पुन्हा तेच. १४३/३७४ घ्या. ३७४ मधून १४३ दोनदा गेले, उरले ८८. १४३ मधून ८८ गेले, ५५. मग ३३, मग २२, मग ११, आणि २२ ला ११ नं पूर्ण भाग जातो. मसावि, म्हणजे दोन्हींना भागणारी सगळ्यात मोठी संख्या, ११. उत्तर १३/३४. शाळेत "भागाकार पद्धतीनं मसावि" म्हणून जे घोकून घेतात ते हेच. फक्त ते का चालतं हे कुणी सांगत नाही, म्हणून परीक्षा झाली की पोरं विसरतात. युक्लिडनं हे सुमारे २३०० वर्षांपूर्वी मांडलं. आपल्या आर्यभटाचा कुट्टक, म्हणजे समीकरणांची पूर्णांकांतली उत्तरं काढायची रीत, तोही (इ.स. ४९९) याच परस्पर भागाकारावर उभा आहे.

बिनपगारी_फुल्ल
मी १६/६४ मधले सहा-सहा खोडले, १/४ आलं. बरोबर आलं की! 🙂 एवढं वजाबाकी-बिजाबाकी कशाला?

खडू_आणि_फळा
भावा, ते नशीब. १९/९५, २६/६५, ४९/९८ यांतही जमतं. आता १३/३९ मधले तीन खोडून बघ. १/९ येईल, खरं उत्तर १/३. गुणाकारातला अवयव काटतात, अंक नाही. ताई, तुम्ही याचं ऐकू नका.

गुजरीवाला
आमच्या दुकानात रोजचा विषय आहे हा. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं. २२/२४ = ११/१२, दशांशात ०.९१६६… दागिन्यावर ९१६ चा शिक्का असतो तो हाच. १८ कॅरेट म्हणजे १८/२४ = ३/४, शिक्का ७५०.

पण गिऱ्हाईक जिथं गोंधळतं, तिथंच परीक्षेतही फसवतात. "२२ कॅरेटच्या दागिन्यात शुद्ध सोनं आणि मिश्रधातू यांचं गुणोत्तर किती?" उत्तर ११:१२ नाही. २२ भाग सोनं, २ भाग तांबं-चांदी, म्हणून ११:१. बारा हा अख्खा दागिना झाला. काटाकाटी करायच्या आधी काय कशाशी ताडून बघायचंय ते नीट वाचा. नाहीतर संक्षेप बिनचूक आणि गुण शून्य.

शिरोळकर
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. छेद दिसले की छेदांच्या लसाविनं, म्हणजे सगळ्या छेदांनी भाग जाणाऱ्या सगळ्यात लहान संख्येनं, दोन्ही पदांना गुणायचं. १½ : २¼ म्हणजे ३/२ : ९/४. लसावि ४. गुणल्यावर ६ : ९, म्हणजे २ : ३. दशांश असेल तर १०, १०० नं गुणा. ०.७५ : १.२ चं ७५ : १२०, मग १५ नं भागून ५ : ८. लसाविनं गुणून पूर्णांक करायचे, मसाविनं भागून लहान करायचे.

एककं वेगळी असतील तर आधी एक करा. दीड एकर आणि १५ गुंठे, ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून ६० : १५, म्हणजे ४ : १. एकक सारखं झालं की गुणोत्तराला एकक उरत नाही.

आता माझी शंका. उसाला १०:२६:२६ खत टाकतो. दोननं भाग जातोय तरी पोत्यावर ५:१३:१३ का लिहीत नाहीत?

खडू_आणि_फळा
दादा, लई भारी प्रश्न. पोत्यावरचे आकडे नुसतं गुणोत्तर नाहीत, ते टक्के आहेत. १०० किलो खतात १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद, २६ किलो पालाश. ५:१३:१३ लिहिलं तर तिघांचं आपसातलं नातं तेच राहतं, पण वाचणारा समजेल की खत निम्म्या ताकदीचं. गंमत म्हणजे ५० किलोच्या पोत्यात किलोत मोजलं तर नेमकं ५, १३, १३ च भरतं. संक्षेपात नातं टिकतं, किती आहे ते जातं. म्हणून किती ते सांगायचं असेल तिथं संक्षेप करू नये.

रंकाळाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. १३३/२०९ करून बघितलं. फरक ७६, म्हणजे ४ × १९. १९ लावला, ७/११ आलं. आधी मी यात ७ आणि ११ लावत बसले असते आणि मग सोडून दिलं असतं.

गुजरीवाले दादा, भाग आणि अख्खं यांतला फरक कुणी असा सांगितलाच नव्हता.

एकच राहिलं. तीन पदं असली तर? ५४ : ९० : १२६ असं.

शिरोळकर
दोघांचा मसावि काढा, मग तो तिसऱ्याला जातो का बघा. ५४ आणि ९० चा १८, १२६ ला १८ जातो. ३ : ५ : ७. तिसऱ्याला गेला नसता तर त्या मसाविचा आणि तिसऱ्याचा पुन्हा मसावि. भाग तिघांनाही गेला पाहिजे, दोघांना गेला म्हणून भागायचं नाही. घरबांधणीत काँक्रीटचं १ : १.५ : ३ असतं ना, ते पूर्णांकात २ : ३ : ६. त्यात ३ आणि ६ ला तीननं भाग जातो, पण २ ला नाही, म्हणून ते तसंच राहतं. आता ६८ : १०२ : १५३ करा बघू.

रंकाळाकाठची
६८ आणि १०२, फरक ३४, मसावि ३४. पण १५३ विषम, ३४ चालत नाही. ३४ मधला १७ चालतो, १५३ म्हणजे सतरा नवे. म्हणून ४ : ६ : ९. चार-सहा बघून हात शिवशिवत होते, पण नऊ आडवा आला.

शिरोळकर
बरोबर. उद्या प्रमाणाचं काढा.