मदत हवी आहे: टँगोमधल्या मैत्रिणीचा हेवा वाटतोय, तिच्याशी बोलू का?

मी बर्लिनमध्ये २ वर्षं टँगो शिकतेय, फॉलोअर आहे (म्हणजे जोडीदार नेईल तशी नाचणारी). माझ्याबरोबरच सुरुवात केलेल्या मैत्रिणीला मिलोंगात (टँगो नाचायच्या कार्यक्रमात) एकामागून एक तांदा (एकाच जोडीदाराबरोबर सलग ३-४ गाणी) मिळतात आणि मी ३-४ गाणी, परत ३-४ गाणी अशी बसूनच राहते, कारण नाचायला विचारायची पद्धत काबेसेओ, म्हणजे नुसती नजरानजर आणि मान हलवणं, नजर जुळली तरच नाचायचं. जागा बदलून पाहिली, प्राक्तिकाला (सरावाला) जास्त जाते, लीड करायलाही शिकतेय. पण हेवा जात नाही आणि त्याचंच वाईट वाटतं, मला पहिल्यांदा तिथे तीच घेऊन गेली होती हो! परवा म्हणाली "अगं छान नाचतेस", तेही खरं वाटेना. दुसरीकडे जायचं नाहीये, मैत्री तर अजिबात तोडायची नाहीये. तिला अपराधी न वाटू देता हे कसं सांगू?