नऊ वर्षांच्या मुलीला टाइप 1 मधुमेह : मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांकडे नागपूरला न्यावे का?

प्रश्न : एक मामा, घाटंजी तालुका (यवतमाळ)

माझ्या बहिणीच्या नऊ वर्षांच्या मुलीला दिवाळीनंतर टाइप 1 मधुमेहाचे निदान झाले. त्याआधी काही आठवडे ती सारखे पाणी पीत होती, रात्री अंथरूण ओले होत होते आणि वजन उतरले होते. उलट्या व पोटदुखी सुरू झाल्यावर एका दवाखान्यात पोटाचा विकार समजून सलाइन लावण्यात आले. श्वास जोरजोरात चालू लागला तेव्हा कुठे रक्तातील साखर तपासली गेली आणि तिला तातडीने यवतमाळला हलवावे लागले. आता ती घरी आहे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते.

माझे दोन प्रश्न आहेत. लहान मुलांच्या हार्मोनविकारांचे आणि मधुमेहाचे वेगळे डॉक्टर असतात असे ऐकले. आमच्यापासून नागपूर सुमारे 150 किलोमीटर पडते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून जाणे बहिणीला जड जाते. तरीही नेलेच पाहिजे का, की जवळच्या मोठ्या माणसांच्या शुगरच्या डॉक्टरांकडे दाखवले तरी चालेल? दुसरे असे की, गेल्या काही दिवसांत तिला इन्सुलिन पूर्वीपेक्षा बरेच कमी लागत आहे. बहिणीच्या सासरची मंडळी म्हणतात की, हा वैदूच्या झाडपाल्याचा गुण आहे आणि आता सुया बंद कराव्यात. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, वर्धा जिल्हा

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. इन्सुलिन एक दिवसही बंद करू नये. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. निदानाच्या वेळी त्यांपैकी काही पेशी शिल्लक असतात आणि बाहेरून इन्सुलिन मिळू लागल्यावर त्यांना विसावा मिळून त्या काही काळ पुन्हा काम करू लागतात. त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर मात्रा उतरते. ही स्थिती काही महिने, क्वचित वर्षभर टिकते आणि नंतर गरज पुन्हा वाढतेच. झाडपाला घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या मुलांत हे घडते. नेमक्या याच काळात घरच्यांना आजार बरा झाला असे वाटते, इन्सुलिन थांबते आणि मूल पुन्हा उलट्या व धाप घेऊन अतिदक्षता विभागात येते. सासरच्या मंडळींशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवावे. घरातील वडीलधारी माणसे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट अधिक लवकर मानतात, असा माझा अनुभव आहे.

आता तज्ज्ञांविषयी. हे डॉक्टर एमबीबीएसनंतर बालरोगशास्त्रात एमडी करतात आणि त्यापुढे मुलांच्या अंतःस्रावी ग्रंथींचे वेगळे शिक्षण घेतात. चंदीगडची पीजीआय, लखनौची एसजीपीजीआय अशा मोजक्या संस्थांत या विषयाची डीएम ही पदवी आहे. मधुमेहाबरोबरच जन्मजात थायरॉइडची कमतरता, उंची न वाढणे, मुलींना आठ व मुलांना नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणे दिसणे, असे विकारही तेच पाहतात. विदर्भात असे डॉक्टर थोडे आहेत आणि ते मुख्यतः नागपूरला आहेत.

मोठ्यांच्या मधुमेहाचे डॉक्टर बहुतेक वेळ टाइप 2 चे रुग्ण पाहतात. त्या आजारात गोळ्या चालतात, वजन कमी करण्याचा सल्ला दिला जातो आणि भात, पोळी कमी करायला सांगतात. वाढत्या मुलीला हेच नियम लावले तर ती उपाशी राहते आणि तिची वाढ खुंटते. तिने घरच्यांप्रमाणे भाकरी, वरण, भात खावा आणि इन्सुलिनची मात्रा त्या जेवणानुसार ठरावी, ही मुलांच्या उपचाराची रीत आहे. शिवाय मात्रा वजनावर अवलंबून असते : वयात येण्यापूर्वी साधारणतः दर किलोला दिवसाला 0.7 ते 1 युनिट, आणि वयात येताना 1 युनिटापेक्षा अधिक, कधी 2 युनिटांपर्यंतही. आपली भाची आणखी दोनतीन वर्षांत त्या टप्प्यावर येईल, तेव्हा साखर अचानक बिघडल्यासारखी वाटेल आणि दोष मुलीच्या खाण्याला दिला जाईल. हा बदल आधीच ओळखून मात्रा वाढवणारा माणूस पाठीशी असावा, म्हणून तज्ज्ञ हवेत. या मुलांत थायरॉइडचा आणि गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीलिॲक आजाराचा संभव इतरांपेक्षा अधिक असल्याने त्या तपासण्याही ते वेळेवर करून घेतात.

तेव्हा नागपूरला एकदा अवश्य न्यावे, परंतु दर महिन्याला जाण्याची गरज नाही. तज्ज्ञांकडून मात्रा, जेवण आणि आजारपणात काय करायचे हे लिहून घ्यावे, त्यानुसार रोजची देखरेख जवळच्या बालरोगतज्ज्ञांनी करावी, आणि दर तीनचार महिन्यांनी साखरेच्या नोंदींची वही घेऊन पुन्हा जावे. नागपूर अगदीच जमत नसेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचा बालरोग विभागही आपल्या वाटेवर आहे.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. इन्सुलिनच्या कुपीवर 40 लिहिले आहे की 100 (म्हणजे एका मिलिलिटरमधील युनिट), हे पाहा. 40 च्या कुपीला लाल टोपणाची सिरिंज लागते आणि 100 ला नारंगी टोपणाची. 100 चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने तेवढ्याच रेषेपर्यंत भरले तर अडीचपट मात्रा जाते. औषधाच्या दुकानात जी सिरिंज हाती लागेल ती दिली जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी पालकांनीच पाहून घ्यावे.

उत्तर : एक आई, मूल तालुका (चंद्रपूर)

भाऊ, माझा मुलगा सहा वर्षांचा असताना हाच आजार निघाला आणि आता तो दहावीला आहे. डॉक्टरसाहेबांनी उपचाराचे सांगितले आहेच. मी उन्हाळ्याचे आणि शाळेचे सांगते.

न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असते. वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर घरच्या हवेत चालते, परंतु ती हवा 25 ते 30 अंशांच्या वर जाऊ नये, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. फ्रीज असला तरी लोडशेडिंगचा भरवसा नसतो. आम्ही मोठ्या माठात रेती भरून त्यात लहान मडके बसवले, ती रेती सकाळ-संध्याकाळ ओली करतो, आणि कुपी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून त्या मडक्यात ठेवून वरून ओले बारदान टाकतो. कोरड्या उन्हात हा उपाय फार चांगला चालतो. पावसाळी दमट हवेत मडके तेवढे थंड होत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. फ्रीज असेल तर कुपी बर्फाच्या कप्प्याला टेकू देऊ नका, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले तर तेही फेकून द्यावे. मात्र जे मुळातच दुधाळ असते त्याची गोष्ट वेगळी.

शाळेत मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या आणि वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटा. मुलीला हवे तेव्हा पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाऊ द्यावे आणि मधल्या वेळी खाऊ द्यावे, एवढे तरी त्यांनी मान्य केलेच पाहिजे. हात थरथरणे, घाम येणे, एकाएकी चिडणे किंवा गप्प होणे ही साखर उतरल्याची खूण आहे. 70 च्या खाली साखर असेल तर तिच्या वयाला दोन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. आम्ही दप्तराच्या पुढच्या कप्प्यात साखरेची पुडी ठेवतो आणि तिची जागा वर्गातल्या दोन मित्रांनाही माहीत आहे.

उत्तर : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गडचिरोली

वरील माहितीत आपल्या भागापुरती एक भर घालतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी ही तपासणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनवर केली जाते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात त्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे साखर जास्त असूनही हा आकडा कमी येतो आणि सर्व ठीक आहे असा गैरसमज होतो. पूर्व विदर्भात आणि यवतमाळच्या काही भागांत सिकलसेलचे प्रमाण पाहता, मुलीची ती तपासणी झालेली नसल्यास अवश्य करून घ्यावी.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी कुपी पाहिली. ती 40 ची आहे आणि सिरिंज लाल टोपणाचीच आहे. सिकलसेलविषयी वाचून मात्र काळजी वाटली, कारण गरोदरपणातील तपासणीत बहिणीचा एएस पॅटर्न (म्हणजे ती सिकलसेलची वाहक) निघाला होता. मुलीची तपासणी झालेली नाही. अशा वेळी काय करावे?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, वर्धा जिल्हा

आईचा पॅटर्न एएस असेल आणि वडील वाहक किंवा आजारी नसतील तर मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, आजारी असण्याची नाही. वडीलही वाहक असतील तर मात्र आजाराची शक्यता उरते, म्हणून मुलगी आणि वडील दोघांचीही तपासणी करून घ्या. ग्रामीण रुग्णालयात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पॅटर्न ठरवणारी पुढील तपासणी होते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. वाहक असली तरी एचबीए1सी कोणत्या पद्धतीने केली यावर आकडा अवलंबून राहतो, तेव्हा प्रयोगशाळेला पॅटर्न आधी सांगावा. सिकलसेलचा आजारच निघाला तर तज्ज्ञ फ्रुक्टोसअमाइन ही तांबड्या पेशींवर अवलंबून नसलेली दुसरी तपासणी सुचवतील आणि बोटातून घेतलेल्या रोजच्या नोंदींवर अधिक भर देतील. हा अहवाल हाती आल्यावरच नागपूरची तारीख घ्या, म्हणजे त्या एकाच फेरीत दोन्ही गोष्टींचा विचार होईल.