थ्रीव: वेढ्यात टिकलेला मनोरा

"स्कॉटलंडचे हे मनोरे म्हणजे सरदारांचे नुसते वाडे, वेढ्यात काय टिकणार" असं एक मत ऐकायला मिळतं; मला ते पटलं नाही. नैर्ऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवे भागातला थ्रीव गड घ्या. डी नदीतल्या बेटावर १३६९ नंतर सरदार आर्चिबाल्ड डग्लसने बांधलेला, पाच मजली. तळाशी कोठार, विहीर आणि अंधारकोठडी. वर स्वयंपाकघर, त्यावर दिवाणखाना. पुढे मनोऱ्याभोवती बुटकी भिंत घातली, कोपऱ्यांवर गोल बुरूज आणि त्यांत तोफांसाठी झरोके. माझ्या मते खरी अक्कल इथे दिसते! १४५५ मध्ये स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाने वेढा घालून तोफा आणल्या, तरी गड दोन महिन्यांवर झुंजला. शेवटी पडला तो फितुरीने. आतल्या शिबंदीला पैसे चारले गेले. आजचं बिनछपराचं रूप १६४० च्या वेढ्यानंतरचं.