सल्ला हवा: झाडीपट्टीच्या नाटकांवरचा ब्लॉग गुगलवर सापडतच नाही (खर्च शून्य)

वडसाकर
नमस्कार मंडळी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांवर गुगलच्या फुकट ब्लॉगरवर लिहितो. कोणत्या गावी कोणतं नाटक लागलं, कंपनी कोणती, कोणत्या प्रवेशाला लोक उठून उभे राहिले, असं. पण गुगलवर नाटकाचं न् गावाचं नाव टाकलं तरी माझं पान येत नाही. ब्लॉगचं पूर्ण नाव टाकलं तरी नाही. मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावोगावची जत्रा, तोंडावर आली, लोक शोधतील ते आत्ताच. एक रुपयाही लावायचा नाही. लॅपटॉप मुलाचा आहे, रात्रीच हाती येतो.

संत्रावाला
भाऊ, डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, विकत घ्या. वर्षाला हजाराच्या आसपास. मी घेतलं आणि माझी साइट थेट पहिल्या नंबरवर. ब्लॉगरच्या फुकट ब्लॉगस्पॉट पत्त्याला कोणी विचारत नाही.

धानाचा_बांध
पैल्या नंबरवर कशावर? सोताचंच नाव टाकून ना? थे त माह्यंही येते बाप्पा. अन् भाऊनं शून्य खर्च लिवलं, थे वाचलं नाही काय?

पवनीचे_गुरुजी
आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ‘व्हिजिबल टू सर्च इंजिन्स’ चालू आहे का पाहा. ते बंद असेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. मग गुगल सर्च कन्सोल उघडा, आपली पानं गुगलला कळवायची जागा. फुकट आहे, आणि ब्लॉगचंच जीमेल खातं वापरलं तर मालकी सहसा आपोआप पटते. साइटमॅपच्या, म्हणजे ब्लॉगच्या पानांच्या यादीच्या, रकान्यात ‘साइटमॅप डॉट एक्सएमएल’ इंग्रजीत टाका. ती फाइल ब्लॉगर स्वतःच बनवतो. महत्त्वाच्या पानांचे पत्ते वरच्या पट्टीत टाकून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’, म्हणजे पान शोधात घ्यायची विनंती, दाबा. एकदाच. तेच पान पुन्हा पुन्हा दिल्याने काम लवकर होत नाही. काही दिवस लागतात, कधी काही आठवडे.

संत्रावाला
गुरुजी, हे सगळं करूनही माझ्या मेहुण्याचं आलं नव्हतं. डोमेन घेतल्यावर आलं.

चांदा_टू_बांदा
मी एका एसईओवाल्याला, म्हणजे गुगलवर पान वर आणून देतो म्हणणाऱ्याला, पैसे मोजले होते. त्यानं प्रत्येक पानामागच्या कोडमध्ये कीवर्डचा, म्हणजे शोधायच्या शब्दांचा, ढीग लावला न् फोन उचलणं बंद केलं. ते कीवर्ड टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गुगलनं २००९ मध्येच सांगितलंय. माझे पैसे काही परत आले नाहीत.

वैनगंगाकाठची
दादा, ब्लॉग पाहिला. पानांवर मजकूरच नाहीये! सगळे फोटो आहेत, टाइप केलेल्या कागदांचे. गुगलनं वाचायचं काय?

वडसाकर
ताई, मी कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो. ब्लॉगवर चिकटवलं की अक्षरांची इंग्रजी खिचडी होते. म्हणून प्रिंट काढून फोटो टाकतो.

वैनगंगाकाठची
मग घोडं तिथंच अडलंय. कृतीदेवमध्ये आत इंग्रजीच अक्षरं असतात, फक्त वरून मराठी दिसतात. कृतीदेवचं युनिकोड, म्हणजे सगळीकडं मराठीच दिसणारी अक्षरं, करून देणारी फुकट पानं नेटवर आहेत. मजकूर टाका, बदललेला उचला, रफार आणि पहिली वेलांटी तेवढी नजरेखालून घाला, हटकून चुकतात. यापुढं थेट मोबाइलवर बोलून टाइप केलंत तरी चालेल. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्याची मैत्रीण विचारत होती, झाडीपट्टीवर मराठीत वाचायला कुठं मिळेल? तुमचं पान सापडलं असतं तर तेच धाडलं असतं.

धानाचा_बांध
ताई बरोबर सांगून राहिल्या. पण भाऊ, दंडारीवर, आपल्या नाचगाण्याच्या लोकनाट्यावर, काहून लिवत नाही? नुसतं नाटक नाटक. आमच्याकडं मंडईले दंडार पैले.

चांदा_टू_बांदा
दंडार आता उरली कुठं? रेकॉर्डिंग डान्स लावतात.

धानाचा_बांध
या आमच्या गावाले, दाखवतो.

पवनीचे_गुरुजी
विषयावर या. आणखी एक: शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर पानाचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढं आकडे असा करतो. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडं ‘पर्मालिंक’मध्ये नाटकाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकता येतं. त्यानं फार मोठा फरक पडत नाही, पण दुवा पाठवला तर माणसाला कळतं. आणि बिंग या दुसऱ्या शोधयंत्रालाही ब्लॉग द्या, सर्च कन्सोलवरून तिथं नेता येतो.

संत्रावाला
बिंग कोण वापरतं?

पवनीचे_गुरुजी
डकडकगो हे शोधयंत्रसुद्धा बरंचसं बिंगवरूनच घेतं. असो.

वडसाकर
सगळ्यांचे आभार. जुनी पानं बदलत बसणार नाही. त्या कागदांवर माझ्या पेनच्या खुणा आहेत, ते फोटो तसेच राहतील. प्रत्येक फोटोखाली नाटक, कंपनी, गाव आणि साल एवढं मोबाइलवरून युनिकोडमध्ये टाकतो. प्रायव्हसीचं बटण चालूच होतं. सर्च कन्सोल हंगाम संपल्यावर पाहू, आता रात्री नाटकाला जायचं की लॅपटॉप धरायचा?

वैनगंगाकाठची
दादा, सर्च कन्सोलला अर्धा तासही लागत नाही हो. आणि फोटोखाली निदान चार-पाच ओळी तरी लिहा, नुसत्या नावांवर गुगल पान घेईलच असं नाही.

वडसाकर
ओळी लिहितो. बाकी होळीनंतर.

संत्रावाला
तोवर डोमेन तरी घेऊन ठेवा.