कॅनडातील हिवाळा आणि रेड-फूट कासवे : घरातील पेटीत आर्द्रता टिकवावी कशी?

मृगसरी (मिसिसागा)

नमस्कार. माझ्याकडे रेड-फूट जातीची दोन लहान कासवे आहेत. दोघांचीही लांबी साधारण ९ सेंटिमीटर असून गेल्या मे महिन्यात आम्ही ती एका पैदासकाराकडून आणली. उन्हाळाभर सारे काही सुरळीत होते. परंतु नोव्हेंबरात घर तापवणारी फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून पेटीतील हवा इतकी कोरडी पडू लागली आहे की काय करावे ते सुचेनासे झाले आहे.

सध्याची व्यवस्था सांगते. १२० × ६० सेंटिमीटरची, वरून उघडी असलेली लाकडी पेटी आहे. तळाशी कोकोपीटचा जेमतेम ४ सेंटिमीटरचा थर आहे. एका टोकाला १०० वॅटचा उष्णतेचा बल्ब आणि वर यूव्हीबीची (उन्हातले अतिनील-बी किरण देणारी) नळी आहे. खोलीचे तापमान २१ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास असते. मी दिवसातून चार वेळा पाणी फवारते. फवारल्याबरोबर आर्द्रतामापक ६० च्या वर जातो आणि अर्ध्या तासात पुन्हा ३० च्या खाली येतो. रात्री तर मी उठून पाहण्याचेही सोडून दिले आहे.

काळजीचे खरे कारण असे, की दोघांपैकी मोठ्या कासवाच्या पाठीवर दोन खवल्यांच्या मधल्या सांध्यात जी नव्या वाढीची रेघ दिसते, ती खडूसारखी पांढरी आणि कोरडी झाली आहे. बोट फिरवले की प्रत्येक खवल्याचा मध्य किंचित वर आलेला जाणवतो. पशुवैद्यांनी तपासून आजार नसल्याचे सांगितले आहे, पण आर्द्रता वाढवाच, असेही बजावले आहे. पेटी वरून बंद केली, तर आत हवा कोंडून बुरशी येणार नाही का? वाफारा सोडणारे यंत्र घ्यावे का? आणि रात्री तापमान किती ठेवावे? ज्यांनी थंड प्रदेशात ही कासवे वाढवली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पाऊलवाट (न्यू जर्सी)

मृगसरी, तुमच्या मेहनतीत काहीही कमी नाही. पेटीला झाकण नाही, एवढे एकच कारण या साऱ्यामागे आहे, आणि ते एकदा आकड्यांत समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते.

बाहेर उणे १० अंशांची हवा अगदी पूर्ण दमट असली, तरी तीच हवा घरात २१ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतील पाणी तेवढेच राहते, पण पाणी धरून ठेवण्याची तिची क्षमता कितीतरी वाढते. स्वयंपाक, आंघोळी, झाडे यांमुळे तुमच्याकडे ती २५ पर्यंत येते. आता ही खोलीतली हवा तुमच्या बल्बखाली २९ अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता १५-१६ टक्के उरते. शिवाय गरम हवा वर जाते, जाताना तुम्ही फवारलेले पाणी घेऊन जाते आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा खाली उतरते. म्हणजे उघड्या पेटीत तुम्ही पेटीला नव्हे, तर साऱ्या घराला पाणी पाजत आहात.

उपाय एकच : ऊब आणि ओल दोन्ही एकाच बंद जागेत ठेवायची. दिवे, हीटर, यूव्हीबी असे सगळे झाकणाच्या आत घ्यायचे. यूव्हीबी किरण काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे नळी झाकणावर बाहेरून ठेवून चालणार नाही. तुमच्या पेटीची उंची बहुधा कमी असेल. तेव्हा आहे त्या पेटीवर लाकडी पट्ट्यांचा ५०-६० सेंटिमीटर उंच सांगाडा उभा करा आणि त्याला पोकळ पॉलिकार्बोनेटचे तक्ते किंवा हरितगृहाचे जाड प्लॅस्टिक लावा. पुढची बाजू बिजागऱ्यांची ठेवा. रोज आत हात घालायचा असतो, आणि जे उघडायला त्रासाचे असते ते आपण साफ करत नाही. पेटी प्लायवूडची असेल तर आतून तलावाला वापरतात तसे रबरी अस्तर घाला, नाहीतर सहा महिन्यांत लाकूड फुगून सांधे सुटतात.

१०० वॅटचा झगझगीत बल्ब कृपया काढून टाका. तो वरून थेट पाठीवर पडतो आणि भोवतालची हवा दमट असली, तरी कवचाचा पृष्ठभाग वाळवत राहतो. त्याऐवजी सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता फक्त उष्णता देणारा) किंवा छताला लावायचे सपाट हीटिंग पॅनेल घ्या आणि ते थर्मोस्टॅटला जोडा. सिरॅमिक एमिटर भयंकर तापतो : त्याला होल्डर चिनी मातीचाच हवा, भोवती जाळी हवी, तो साखळीने पक्का टांगलेला हवा आणि प्लॅस्टिकच्या भिंतींपासून पुरेसा दूर हवा. नुसत्या चिमट्याच्या भरवशावर तो कधीही सोडू नये. उजेडासाठी साधी एलईडी पट्टी १२ तास पुरते. रेड-फूट मूळची दक्षिण अमेरिकेतील रानाकडेची आणि गवताळ भागातली, सावली शोधणारी कासवे आहेत. तळपते ऊन त्यांना लागत नाही. दिवसा २७ ते ३० अंश आणि रात्री २५-२६ अंश ठेवा. या वयाच्या पिल्लांसाठी आर्द्रता ८० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक असावी. दमट हवेत रात्री गारठा चालत नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. उबदार ओल कासवाला मानवते. गार ओलीने फुफ्फुसांना संसर्ग होतो, नाक वाहू लागते आणि श्वास घेताना तोंड उघडे राहते.

आता तळाचा थर. कोकोपीटचा ४ सेंटिमीटर थर काहीच साठवत नाही. ऑर्किडसाठी मिळते ती फर वृक्षाची बारीक साल १० सेंटिमीटर पसरा. तुमच्या मापाच्या पेटीला ती सुमारे ७२ लिटर लागेल, म्हणून मोठी पोतीच घ्या. सीडर आणि पाइनचा भुसा टाळा, त्यांतील उग्र वास देणारी तेले कासवांना बाधतात. वरून फवारणे थांबवा. कोपऱ्यांत कोमट पाणी ओता, दोन लिटर, गरजेनुसार तीन. ते तळाशी जाऊन पसरते, खालचा थर भिजतो आणि वरचा थर हाताला जवळजवळ कोरडा लागतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, अगदी तीच अवस्था आपल्याला हवी असते : मूठभर साल दाबली तर ओल जाणवावी, पण बोटांतून पाणी गळू नये.

हवा कोंडण्याची भीती बाळगू नका. घरी बनवलेल्या पेटीत तारांची भोके आणि दाराच्या फटी असतातच, आणि दिवसातून दोनदा दार उघडले जाते. कुबट वास आला तर समजावे की पाणी जास्त झाले आहे. दोन दिवस ओतणे थांबवावे.

सांजवारा (म्युनिक)

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. फक्त वरचा थर कोरडा ठेवण्याबद्दल जे लिहिले आहे, ते माझ्या अनुभवामुळे पुन्हा अधोरेखित करावेसे वाटते.

पहिल्या हिवाळ्यात मी आर्द्रतेच्या आकड्यामागे इतका लागलो होतो की सकाळ-संध्याकाळ साल वरून भिजवत असे. मापक ९० दाखवी आणि मला समाधान वाटे. तीन महिन्यांनी वजन करताना कासव उलटे धरले, तेव्हा पोटाकडच्या कवचावर, मागच्या पायांजवळ, मसुराच्या डाळीएवढे दोन मऊ, करडे ठिपके दिसले. नखाने हलकेच खरवडले तर खालून घाण वास आला. कवच कुजू लागले होते. पशुवैद्यांनी ते स्वच्छ केले, जंतुनाशक दिले आणि कितीतरी आठवडे कासवाला कोरड्या कागदावर ठेवायला लावले. ते बरे झाले, पण त्या जागी खळगा कायमचा राहिला आहे आणि तो पाहिला की मला अजून वाईट वाटते. रेड-फूट कासवांना हा त्रास लवकर होतो. म्हणून ओल हवेत आणि खालच्या थरात असावी, कासव ज्यावर झोपते तिथे नसावी. आठवड्यातून एकदा तरी पोटाची बाजू उजेडात पाहत जा.

वाफाऱ्याचे यंत्र घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ते हवेत पाण्याचे सूक्ष्म थेंब सोडते. नळाचे पाणी जड असेल तर क्षारांचा पांढरा थर सगळीकडे बसतो आणि टाकी रोज घासली नाही तर त्यात जे वाढते तेच कासव श्वासातून आत घेते. पेटी नीट बंद असली की त्याची गरजच उरत नाही. त्याऐवजी एक दमट खोपी करा. प्लॅस्टिकचा डबा उलटा ठेवून त्याला दार कापा, कडा घासून गुळगुळीत करा, आतून छताला मोठा स्पंज बसवा आणि तो अधूनमधून ओला करा. पिल्ले दिवसाचा बराचसा वेळ त्यातच काढतात.

करवंदीची जाळी (पुणे)

मी पशुवैद्यक आहे. पाठीवरील उंचवट्यांबद्दल थोडे लिहितो, कारण जास्त प्रथिनांमुळेच ते येतात ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते आणि मग पालक बिचाऱ्या पिल्लांचा आहार उगाच तोडतात. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी सुलकाटा जातीच्या पिल्लांना वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रमाणात प्रथिने देऊन वाढवले. त्यात कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या कवचावर उंचवटे अधिक आले आणि प्रथिनांचा परिणाम त्या मानाने किरकोळ दिसला. सुलकाटा तर आफ्रिकेतील रखरखीत पट्ट्यातले कासव. तेही पिल्लू असताना बिळातल्या दमट हवेत राहते. मग रेड-फूटला ओल किती लागत असेल, याची कल्पना यावी.

आलेले उंचवटे जात नाहीत, हे मनाशी धरून चाला. नवी वाढ सपाट येते का, एवढेच पाहायचे. त्यासाठी हवेइतकेच शरीरातले पाणीही महत्त्वाचे आहे. या वयात दररोज १५-२० मिनिटे कोमट पाण्यात बसवा. पाणी वरचे आणि खालचे कवच जिथे जुळते तिथवरच असावे आणि हनुवटी आरामात वर राहावी. त्यासाठीचे भांडे वेगळे ठेवा, स्वयंपाकघरातील ओट्यावर धुऊ नका. कासवांच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरू शकतो, म्हणून हाताळल्यावर घरातील सर्वांनी, मुलांनी विशेषकरून, साबणाने हात धुवावेत.

आणखी एक. दोघांनाच एकत्र ठेवले की बहुधा एक दुसऱ्यावर वरचढ होते. भांडण दिसतेच असे नाही. एक दुसऱ्याच्या अन्नावर जाऊन बसते किंवा त्याच्या खोपीचे दार अडवते, एवढेच. तुम्ही मोठ्या कासवाचा उल्लेख केला आहे, तेव्हा दोघांची वजने दर आठवड्याला लिहून ठेवा. लहान मागे पडत असेल तर दुसरी पेटी करावी लागेल.

हा धागा वाचून इथे कुणाला बाजारात गुपचूप मिळणारे तारांकित कासव आणावेसे वाटू नये, म्हणून लिहितो : ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याची खरेदी-विक्री करणे आणि ते घरी बाळगणे हा गुन्हा आहे.

मृगसरी (मिसिसागा)

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांचे मनापासून आभार.

सांगाडा उभा केला, तीन बाजूंना पॉलिकार्बोनेट आणि पुढे बिजागऱ्यांची दोन दारे लावली. बल्ब काढून हीटिंग पॅनेल थर्मोस्टॅटला जोडले. साल ७० लिटर टाकली आणि पहिल्या दिवशी चार लिटर कोमट पाणी ओतले. आता दिवसा २८-२९ अंश आणि रात्री २६ अंश असते. मापक ८२ ते ८८ च्या दरम्यान राहतो आणि मी आठवड्यातून एकदाच दीड लिटर पाणी घालते. सकाळी पुढच्या दारावर आतून बाष्प धरलेले असते आणि ते पुसून आत पाहिले की दोघेही खोपीच्या दारातून नाक बाहेर काढून बसलेले दिसतात. खडूसारखी रेघ आता ओलसर, तपकिरी झाली आहे. ती पाहून मला किती बरे वाटले ते शब्दांत सांगता येत नाही. वजनाच्या नोंदीत मात्र लहान कासव खरोखरच मागे असल्याचे दिसले. म्हणून येत्या शनिवारी मधे अपारदर्शक फळी घालून तात्पुरते दोन भाग करत आहोत आणि दुसऱ्या पेटीचे सामान मागवले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पाण्याच्या ताटलीजवळ सालीवर कापसासारखी पांढरी बुरशी आली आहे. सगळी साल बदलावी का? आणि दुसरा मापक आणला, तर तो त्याच जागी ७४ दाखवतो. कोणाचे खरे मानावे?

पाऊलवाट (न्यू जर्सी)

सगळी साल बदलू नका. नव्या सालीवर सुरुवातीला अशी बुरशी येते आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरते. तेवढा भाग चमच्याने काढून टाका, ताटलीखाली सपाट फरशी ठेवा म्हणजे सांडलेले पाणी एकाच जागी मुरणार नाही, आणि शक्य असल्यास स्प्रिंगटेल नावाचे कीटकांसारखे बारीक जीव एक डबीभर आणून सालीत सोडा. ते बुरशी खातात आणि कासवांना काहीही करत नाहीत. उरलेले अन्न मात्र त्याच दिवशी उचला, केळ्याची साल तर आवर्जून.

मापकांसाठी बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका. ते झाकण आणि दोन्ही मापक घट्ट बंद होणाऱ्या एकाच पिशवीत घालून खोलीतच, तापमान बदलणार नाही अशा जागी, रात्रभर ठेवा. सकाळी दोघांनीही ७५ दाखवायला हवे. जो जितका कमी-जास्त दाखवील तितका फरक त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून लिहा आणि त्यानंतर तो पेटीत, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, पॅनेलपासून दूरच्या भिंतीला लावा.